चित्रातून निघालेली घाण

तैलचित्र वाळते, हा एक सभ्य गैरसमज आहे. पाण्याचा रंग वाळतो, धुतलेले धोतर वाळते. तेलाचा रंग मात्र श्वास घेतो. हवेतला प्राणवायू आत ओढत तो घट्ट होत जातो आणि हे काम वर्षानुवर्षे चालू राहते. जवसाच्या तेलातली जुनी चित्रे निदान शहाण्या वयात पक्की तरी झाली. पुढे रंगाच्या कारखानदारांनी जवसात करडईचे आणि सूर्यफुलाचे तेल मिसळले, नळी भरल्यासारखी दिसावी म्हणून मॅग्नेशियमची पांढरी पूड कालवली, आणि शिशाच्या जागी जस्ताचा सफेदा आणला. परिणामी आधुनिक चित्रांची कातडी कधी पक्की होतच नाही. तिच्यावर पुटकुळ्या उठतात, पांढरी साय धरते, ओला कापूस लागला तरी रंग सुटून येतो. जाणकारांनी याला रोग म्हटले. कोल्हापूरच्या चित्ररक्षण प्रयोगशाळेतल्या डॉ. प्रणोती सरनोबत यांनी त्याला स्मरण म्हटले, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

प्रणोतीचा शोध साधा होता. सफेद्यातले जस्त तेलातल्या आम्लांशी संयोग पावून साबण बनवते. अगदी शब्दशः साबण. त्या साबणाचे कण फुगून पृष्ठभागावर येतात, त्याच पुटकुळ्या. पण जस्ताला गंधकाचीही ओढ असते. खोलीच्या हवेत गंधकयुक्त वायू आला की त्याचा काही अंश जस्त पकडून ठेवते, आणि उरलेला मॅग्नेशियमला गाठून पांढरे क्षार बनवतो. चित्र श्वास आत घेते, बाहेर सोडत नाही. ज्या भिंतीवर ते टांगलेले असते त्या भिंतीसमोर काय जळले, काय गळले, कोण कोणते अत्तर लावून आले, हे सगळे त्या कातडीत कुलूपबंद होते. हे कुलूप उघडणारे यंत्र प्रणोतीच्या प्रयोगशाळेने बनवले आणि त्याला नाव दिले पृष्ठवाचक.

पहिले वर्ष गमतीचे गेले. एका उद्योगपतीच्या शयनगृहातल्या निसर्गचित्राने त्याचा घटस्फोट घडवला. एका विमा कंपनीने मयताच्या दिवाणखान्यातली तसबीर वाचून तो विडी ओढत होता हे सिद्ध केले आणि विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवले. मग एका सरकारी विश्रामगृहातले चित्र वाचले गेले, आणि देशात अभूतपूर्व जागृती झाली. ज्या सभागृहात पिण्याच्या पाण्याचे विधेयक अधिवेशनामागून अधिवेशने पडून होते, तिथे 'पृष्ठ-गोपनीयता कायदा' एका दुपारी, चहाच्या आत, एकमताने मंजूर झाला. मालकाच्या लेखी संमतीशिवाय चित्र वाचणे हा दखलपात्र गुन्हा ठरला. पृष्ठवाचकाला लाखेचे सील लागले. चित्र पुसण्याला मात्र कायद्याने उत्तेजन दिले; स्वच्छतेला कोण विरोध करणार?

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मेघडंबरी केमिकल्सची पेटी प्रयोगशाळेत आली. आत कंपनीचे संस्थापक अण्णासाहेब हुलवळे यांचे पुरुषभर उंचीचे तैलचित्र होते. फेटा, काठी, नजर दूर क्षितिजावर. आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरे चट्टे.

"अगं बाई, साहेबांना कोड आलंय," नसीमा म्हणाली. नसीमा मुजावर प्रयोगशाळेची रसायनतज्ज्ञ होती आणि जगातल्या कोणत्याही पदार्थाबद्दल तिच्या मनात आदर नव्हता.

"अठरा वर्षं गोदामात गुंडाळून पडली होती तसबीर," सोबत आलेले ॲडव्होकेट कोरगावकर म्हणाले. ते कंपनीचे विधी सल्लागार होते. आवाज मऊ, नखे स्वच्छ. "आधी कासारखिंडच्या कारखान्यात, कँटीनमध्ये असायची. आता सुवर्णमहोत्सव आहे, म्हणून मुख्य कार्यालयात लावली, तर पावसाळ्यात हे असं. पाहुणे येणार. फक्त पुसायचं आहे, मॅडम. वाचायचं नाही. करारात तसं स्पष्ट आहे."

"कायद्यातही आहे," प्रणोती म्हणाली.

"कायदा सगळ्यांसाठी असतो. करार आपल्या माणसांसाठी." ते हसले. "डॉक्टरसाहेब बरे आहेत ना? नमस्कार सांगा."

तिच्या नवऱ्याला, डॉ. अजिंक्य सरनोबतला, शहरात पुष्कळ लोक ओळखत. तिने नमस्कार ठेवून घेतला आणि करार चाळला. कलम अकरा तिला नवीन होते: सफाईतून निघणारी घाण संस्थेच्या मालकीची राहील, तिची विल्हेवाट संस्थेने लावावी, कंपनीचा तिच्यावर कोणताही हक्क अथवा जबाबदारी राहणार नाही. घातक कचऱ्याच्या नियमांतून अंग काढून घेण्याची ही वकिली चतुराई होती. तिने सही केली.

कासारखिंड हे नाव तिने ऐकले नव्हते असे नाही. त्या नावावर तिचा संसार उभा होता.

अठरा वर्षांपूर्वी कासारखिंडच्या यात्रेत महाप्रसादाच्या पंगतीवर माणसे कोसळली. सतरा मेली. अजिंक्य तिथल्या आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी होता, नुकता पदवी घेतलेला. एकट्याने, हातपंपाच्या पाण्यावर आणि दोन प्राणवायूच्या नळकांड्यांवर, त्याने दोनशेहून अधिक माणसे जगवली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला; प्रणोतीने त्याला प्रथम पाहिले ते त्या फोटोत. गावकऱ्यांनी सांगितले, कारखान्याकडून लसणासारखा उग्र वास आला होता. चौकशी आयोग बसला. आयोगाने उत्तम चहापान करून निष्कर्ष काढला की वास आमटीच्या फोडणीचा होता, मृत्यू मठ्ठ्यातून झालेल्या विषबाधेने झाले, आणि कंपनीत गंधकयुक्त असे कोणतेही द्रव्य कधीच बनलेले नाही. तातोबा आचाऱ्याला अटक झाली. तो आयोगासमोर एकच वाक्य बोलत राहिला: "देवाच्या पंगतीला लसूण कोण घालतं, साहेब?" या वाक्याची नोंद 'असंबद्ध' अशी झाली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोराला जे ठाऊक असते, ते ठाऊक नसलेली तीन विद्वान माणसे शोधून काढायला शासनाला किती कष्ट पडले असतील, याचा हिशेब कोणी मागितला नाही. तातोबा कच्च्या कैदेतच मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणोती तसबिरीसमोर बसली. मोठमोठ्या संग्रहालयांत, महागड्या द्रावणांच्या शेजारी, चित्रसफाईचे सर्वांत विश्वासू साधन आजही माणसाची थुंकी आहे. ती कोमट असते, सौम्य असते, आणि तिच्यातली पाचक द्रव्ये मळ अलगद सोडवतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर फिरवायचा, टाकून द्यायचा. वापरलेला बोळा परत तोंडात घालायचा नाही, हा पहिला धडा. आणि तो मनाच्या तंद्रीत एकदाही न मोडलेला जाणकार अजून जन्मायचा आहे. प्रणोतीने अण्णासाहेबांच्या डाव्या कानाखाली बोळा फिरवला, चट्टा विरघळताना पाहिला, आणि हात सवयीने ओठांकडे गेला.

कडूजार. ती बेसिनकडे धावली.

"चाटलंस?" नसीमाने वर न पाहता विचारले. "पीएच.डी. झाल्यावर माणसं रंग चाटायचं थांबवतात अशी माझी समजूत होती."

"मॅग्नेशियम आणि गंधकाचं मीठ आहे. जुलाबाचं." प्रणोतीने तिसऱ्यांदा चूळ भरली. "कँटीनमध्ये गंधक कुठून आलं, नसीमा? त्या कारखान्यात गंधकच नव्हतं. आयोगानं सांगितलंय."

नसीमाने आता वर पाहिले. मग नसीमा सावकाश म्हणाली, "चित्र वाचलं तर तुरुंग. पण तुझ्या हातातला बोळा म्हणजे काही चित्र नव्हे."

"घाण आहे."

"आणि घाण आपली आहे."

बोळ्यावर क्षारांबरोबर रंगाचाही पांढुरका अंश उतरला होता. कच्च्या कातडीचा दोष, जो आज उपयोगी पडला. नसीमाने त्यातला कण काचपट्टीवर घेतला आणि त्यावर आम्लाचा एक थेंब सोडला. जस्ताने अठरा वर्षे मुठीत धरून ठेवलेली वस्तू सुटली. आधी काही झाले नाही. मग टेबलावर, दोघींच्या मध्ये, कुणी ओंजळभर लसूण ठेचावी तसा वास उभा राहिला.

नसीमाने झटकन काच झाकली आणि पंखा लावला. तिचा चेहरा उतरला होता. "एवढ्याशा कणातून हा वास," ती म्हणाली. "त्या दिवशी केवढं असेल गं."

प्रणोतीला भीती वाटली ती रीतसर, शरीरातून चढत गेलेली. पहिली भीती आपल्या जिभेची होती. तिचे नसीमाने मात्रेचा हिशेब करून निरसन केले. दुसरी कोरगावकरांच्या नखांची. तिसरीला अजून चेहरा नव्हता. ती घरी तिची वाट पाहत होती.

सरनोबतांच्या घरात लसूण शिजत नसे. कोल्हापुरात राहून, मटण खाऊन, लसूण न खाणारे घर ही गल्लीत थट्टेची बाब होती. सासूबाई हयात असताना म्हणत, "आमचा अजिंक्य हॉस्पिटलात नोकरीला लागला आणि परत आला तो वैष्णव होऊन." अजिंक्य ॲलर्जी म्हणून सांगे. प्रणोतीने सतरा वर्षे लसणाशिवाय रस्सा केला होता आणि तोही चांगला होतो असे स्वतःला पटवले होते.

संध्याकाळी तो दाराशी तिची पर्स घ्यायला पुढे आला, आणि थांबला. वास तिच्या केसांत राहिला होता. तिला स्वतःला तो जाणवेनासा झाला होता. अजिंक्यच्या चेहऱ्यावरचे रक्त तिच्या देखत ओसरले. तो एक पाऊल मागे गेला, भिंतीला टेकला, आणि मग न्हाणीघरात गेला. तिने त्याला ओकताना ऐकले. ॲलर्जीने माणूस शिंकतो, खाजवतो. ओळखीने ओकतो.

तो बाहेर आला तेव्हा ती तशीच उभी होती.

"कुठं गेली होतीस?" त्याने विचारले.

"कुठंच नाही. कासारखिंड माझ्याकडे आली."

तो खुर्चीवर बसला. "गाडीतून उतरलो तेव्हा सगळ्या गावात वास होता," तो म्हणाला. "मला वाटलं पंगतीची फोडणी. तातोबा माझ्या पाया पडून सांगत होता, डॉक्टर, प्रसादात कांदा-लसूण नसतो हो. तेव्हा कळलं. मग जिल्ह्याहून साहेब आले. वाक्य तयार होतं त्यांच्याकडे. मी सतरा दाखल्यांवर एकच वाक्य लिहिलं."

"का?"

"ते म्हणाले, मेलेले परत येणार नाहीत, जगलेल्यांना औषधं हवीत ना? औषधांचा ट्रक वेशीवर उभा होता. सही झाल्यावर सोडला." तो हसला, पण ते हसू पाहवत नव्हते. "पहिल्या दिवशी हे कारण होतं. दुसऱ्या दिवसापासून मी नुसता भित्रा होतो."

प्रणोतीला त्याला जवळ घ्यावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्याच्या हाताचा स्पर्श नकोसा झाला. तातोबाला पकडून नेल्यानंतरच्या वर्षी त्यांचे लग्न झाले होते. मांडवात पंगत बसली होती. ते जेवण कुणी रांधले होते, हे तिला आठवेना.

"पुसून टाक," अजिंक्य म्हणाला. "तुला तेवढंच सांगितलंय ना?"

"त्यांनी आमच्याकडेच का पाठवली तसबीर? मुंबईत चार प्रयोगशाळा आहेत."

तो म्हणाला, "मागच्या महिन्यात कोरगावकर दवाखान्यात आले होते. रक्तदाब दाखवायला. म्हणाले, सफाई घरच्या माणसानं केलेली बरी. घरच्या माणसाला घराची काळजी असते."

खिडकीबाहेर शेजारणीने कशाला तरी फोडणी दिली. दोघेही दचकले.

कोरगावकरांनी सफाई स्वतः पाहण्याची इच्छा व्यक्त केली होती, आणि मालकाची इच्छा कायद्याला मान्य असते. ते सातारचे कंदी पेढे घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. प्रणोतीने तसबिरीवर दोऱ्याची जाळी ताणली होती. चेहऱ्याचे लहान लहान चौकोन पडले होते. एक चौकोन, एक बोळा, एक बाटली. प्रत्येक चौकोनाचा पुसण्याआधी आणि नंतर फोटो. प्रत्येक बाटलीवर चौकोनाची खूण, प्रणोतीची सही, साक्षीदार म्हणून नसीमाची सही. सफाईची ही रीत पाठ्यपुस्तकातली होती. इतकी कंटाळवाणी की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

सकाळी नसीमा हळूच म्हणाली होती, "डिस्टिल्ड वॉटर वापर की. थुंकी कशाला?"

"पाण्याला नाव नसतं," प्रणोती म्हणाली होती. "उद्या म्हणतील, बोळे कुणीतरी बनवले. थुंकीत मी आहे. प्रत्येक बोळ्यात मी आणि अण्णासाहेब, दोघंही. आम्हाला वेगळं काढता येणार नाही."

"म्हणजे तुलाही पळता येणार नाही."

"हो."

भीतीने तोंडाला कोरड पडते हे तिने हजारदा वाचले होते. तो वाक्प्रचार नसून अडथळा आहे हे तिला आता कळले. कोरगावकर मऊ नजरेने पाहत होते आणि तिच्या जिभेवर कापूस ओला होत नव्हता. जीभ लाकडासारखी. तिने पाणी प्यायले. उपयोग झाला नाही. बोळा कोरडाच राहिला.

"तब्येत बरी नाही का, मॅडम?" कोरगावकरांनी विचारले. "पेढा घ्या."

"काम चालू असताना खात नाही."

तिने डोळे मिटले आणि आईचे स्वयंपाकघर आठवले. लोखंडी पळी, तापलेले तेल, त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, तो चर्र आवाज, कडा तांबूस होताना सुटणारा वास. वरणावर ओतलेली ती फोडणी आणि भाताचा पहिला घास. सतरा वर्षे तिने या आठवणीलाही घरात घेतले नव्हते. तोंडाला पाणी सुटले. तिने बोळा जिभेवर फिरवला आणि अण्णासाहेबांच्या कपाळावर टेकवला.

दुपारपर्यंत चेहरा लख्ख झाला. चट्ट्यांबरोबर वरची साय आणि रंगाचा एक पातळ पापुद्राही गेला होता, त्यामुळे संस्थापक जरा निस्तेज, पण निष्पाप दिसत होते.

"वा," कोरगावकर म्हणाले. "साहेब दहा वर्षांनी तरुण झाले. आणि ह्या बाटल्या?"

नसीमाच्या हातातले पेन थांबले.

"घाण आहे," प्रणोती म्हणाली.

"टाकून द्या की."

"विषारी असू शकते. उघड्यावर टाकली तर संस्थेवर खटला होतो. कलम अकराप्रमाणे जबाबदारी आमची आहे."

कोरगावकरांच्या चेहऱ्यावर लेखकाचे समाधान पसरले. "ते कलम मीच घातलंय," ते म्हणाले, आणि पोच देऊन तसबीर घेऊन गेले.

बाटल्यांचे तीन भाग करून नसीमाने त्या तीन वेगवेगळ्या शहरांतल्या सरकारी प्रयोगशाळांकडे रवाना केल्या. त्यांच्या पोचपावत्या जोडून प्रणोतीने उच्च न्यायालयात अर्ज केला: तातोबा आचाऱ्याचा खटला पुन्हा उघडावा. अर्जात साक्षीदार म्हणून तिने नवऱ्याचे नाव लिहिले. लिहिताना हात थांबला, म्हणून तिने ते नाव पुन्हा, अधिक सुवाच्य अक्षरात लिहिले.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. दाराबाहेरच तिला वास आला. तिला वाटले, आता हा वास जन्मभर आपल्या मागे येणार. पण तो घरातून येत होता.

अजिंक्य स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. समोर वर्तमानपत्र, त्यावर लसणाचे गड्डे, शेजारी बादली. तो पाकळी सोलत होता, नाकाशी नेत होता, बादलीवर वाकत होता, तोंड पुसून पुढची पाकळी घेत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याने वर पाहिले नाही.

"नसीमाचा फोन आला होता," तो म्हणाला. "सांगितलं तिनं."

प्रणोती उंबऱ्यावर उभी राहिली. तो उठून काय करील हे तिला खरोखरच माहीत नव्हते. संसाराच्या इतक्या वर्षांत प्रथमच तिने दाराची कडी आपल्या बाजूला आहे ना, हे पाहून घेतले.

"साक्षीला उभा राहिलो की विचारतील, वास नक्की कसला होता," अजिंक्य म्हणाला. "त्यांचा वकील समोर लसूण धरेल. मी तिथं ओकलो तर म्हणतील, आजारी माणूस आहे, याचं काय ऐकायचं. म्हणून सवय करतोय." त्याने पुढची पाकळी सोलायला घेतली, नख घसरले. "हा वास तसाच आहे, प्रणोती. पण अगदी तसाच नाही. त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. गंजलेल्या लोखंडासारखं. ते मला सांगता आलं पाहिजे."

बाहेरच्या खोलीत अजिंक्यचा फोन वाजू लागला. तिने वळून पाहिले, पडद्यावर कोरगावकरांचे नाव होते.

ती त्याच्यासमोर खाली बसली. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. तिने वर्तमानपत्रावरची एक पाकळी उचलली. तोंडाला पुन्हा कोरड पडली होती. तिने पाकळी सोलून त्याच्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."